कुहीच्या मुलांचा किनारा

इयत्ता दहावीच्या भूगोलाचे पुस्तक उघडले की पहिलाच पाठ लागतो तो ‘क्षेत्रभेट’. २०१८ साली आलेल्या या पुस्तकातील पुढचे सगळे पाठ भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करतात. पण सुरुवात मात्र एका बसप्रवासाने होते. नळदुर्गच्या एका शाळेतील मुले शिक्षकांसोबत निघतात आणि सोलापूर, उजनीचा जलाशय, पुणे, मग घाट असे करत थेट अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यावर पोहोचतात. वाटेत मातीचा रंग कसा बदलतो, पिके कशी बदलतात, पाऊस कुठे वाढतो हे पाहतात. शेवटी किनाऱ्यावर उभे राहून लाटांनी झिजवलेला खडक पाहतात. पाठ चांगला आहे. भूगोल डोळ्यांनी आणि पायांनी शिकायचा विषय आहे, हे त्यात सरळ सांगितले आहे.

आमच्या कुहीतील मुलेही हा पाठ दरवर्षी वाचतात. कसा वाचतात? साहित्याची यादी पाठ करतात : वही, पेन, नकाशा, होकायंत्र, दुर्बीण, कॅमेरा. प्रश्नावली कशी तयार करावी हे पाठ करतात. क्षेत्रभेटीच्या वेळी कचऱ्याचे व्यवस्थापन कसे कराल, याचे उत्तर पाठ करतात. आणि घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता क्षेत्रभेटीचा अहवाल लिहून मोकळी होतात.

दोन वर्षांपूर्वी तालुक्यातील एका शाळेची सहल कोकणात निघाली. नागपूर जिल्ह्यातून अरबी समुद्र म्हणजे महाराष्ट्राचे दुसरे टोक. फी भरणे सगळ्यांना जमणारे नव्हते. ज्यांना जमत होते, त्यांच्यापैकी मुलांची नावे गेली आणि मुलींची राहिली. आमच्या ओळखीच्या घरांतील एकही मुलगी गेली नाही. त्या वेळी आम्हालाही त्यात काही वावगे वाटले नाही. चार-पाच दिवसांचा प्रवास, रात्रीचा मुक्काम, समुद्र. नको म्हटले आणि विषय संपला.

विषय संपला नव्हता. काही दिवसांनी आमच्यापैकी एका घरी रात्री जेवण चालू असताना दहावीतल्या मुलीने वडिलांना विचारले, “अब्बा, प्रॅक्टिकलच्या वहीत ‘आम्ही समुद्रकिनाऱ्याला भेट दिली, लाटांचे निरीक्षण केले’ असे लिहायला सांगितले आहे. मी तर गेलेच नाही. मग हे खोटे लिहिणे झाले ना?”

अब्बांजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते आम्हाला सांगितले, तेव्हा आमच्याजवळही नव्हते. आपण मुलांना लहानपणापासून खोटे बोलू नये म्हणून शिकवतो, आणि तीच मुले आपल्यासमोर बसून न पाहिलेल्या समुद्राची हकीकत लिहितात. त्या एका प्रश्नाने आम्ही पाच कुटुंबे एकत्र बसलो. त्यात दोन शिक्षक आहेत, एक गवंडीकाम करणारे चाचा आहेत, एक शिलाईकाम करणारी बहीण आहे, एकांचे किराणा दुकान आहे. मुलांना समुद्रापर्यंत नेणे आम्हाला शक्य नव्हते. पण किनारा? किनारा तर आमच्या तालुक्यालाच आहे.

समुद्र नाही, पण किनारा आहे

कुहीहून वेलतूर ओलांडून पुढे गेले की आंभोरा लागते. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा संगम म्हणून हे गाव प्रसिद्ध आहे. टेकडीवर चैतन्येश्वराचे जुने मंदिर आहे. आद्यकवी मुकुंदराजांचे नावही या स्थळाशी जोडले जाते. आता नदीवर तारांवर तोललेला मोठा पूल झाला आहे आणि २०२४ पासून तो नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांना जोडतो. सुटीच्या दिवशी लोक पूल पाहायला गर्दी करतात. आम्ही मात्र मुलांना पुलाखालचे पाणी पाहायला नेले.

आज आंभोऱ्याला जे अफाट पाणी दिसते, ते गोसीखुर्द धरणामुळे. पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या या धरणाची पायाभरणी १९८८ साली तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. साडेअकरा किलोमीटरच्या आसपास लांबीची भिंत, तेहतीस दरवाजे, आणि मागे पसरलेला इंदिरा सागर जलाशय. या जलाशयाचे पाणी वैनगंगेच्या पात्रातून, नाल्यांच्या तोंडातून वर सरकत आमच्या तालुक्याच्या शेतांपर्यंत येऊन टेकले आहे.

धरण पूर्ण भरले म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटर असते. आमच्यातील शिक्षकांनी मुलांना येथेच पहिला प्रश्न विचारला : “समोच्च रेषा म्हणजे काय?” मुलांनी पाठ केलेली व्याख्या सांगितली, समान उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा. “ती दाखवा.” मुले वही काढू लागली. “वहीत नाही, इथे दाखवा.”

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग सातवीतल्या एका मुलाने पाण्याच्या काठाकडे बोट दाखवले. बरोबर होते. स्थिर पाण्याची कड जिथे जिथे जमिनीला टेकते, तिथे तिथे उंची एकच. समोरच्या भंडाऱ्याच्या काठावर, डावीकडच्या टेकडीच्या पायथ्याशी, उजवीकडे शेताच्या धुऱ्याशी, सगळीकडे एकच. नकाशावर जी रेषा वळणे घेत जाते, ती मुलांच्या पायाशी वळणे घेत गेली होती. व्याख्या पाठ असलेल्या मुलांना ती त्या दिवशी समजली.

गवंड्याची नळी आणि ताटाचे झाकण

आमची पहिली भेट नोव्हेंबरच्या शेवटी झाली. अकरा मुले, त्यात सहा मुली. सोबत आठ मोठी माणसे, त्यात चार अम्मी. महागडे साहित्य आमच्याजवळ नव्हते, आणि लागलेही नाही.

काठाचा उतार मोजायला गवंडी चाचांनी आपली लेव्हलची पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरले की दोन्ही टोकांना ते एकाच उंचीवर राहते, हे चाचा रोज भिंत बांधताना वापरतात. मुलांनी पाण्याच्या कडेपासून वर दर दोन मीटरवर एक काठी रोवली, नळी धरली आणि प्रत्येक काठीजवळ जमीन किती चढली ते फूटपट्टीने मोजले. आलेखाच्या कागदावर ते बिंदू जोडले तेव्हा काठाचा छेद तयार झाला. समुद्रकिनाऱ्यावर अभ्यासक पुळणीचा छेद काढतात तो याच रीतीने. आपल्या अब्बांचे रोजचे काम भूगोलाच्या कामी येते, हे पाहून चाचांच्या मुलाची मान ताठ झाली होती.

पाण्याचा गढूळपणा मोजायला स्टीलचे पांढरट झाकण दोरीला बांधले. दोरीला वितीवितीवर गाठी मारल्या. झाकण पाण्यात सोडायचे आणि दिसेनासे झाले की किती गाठी बुडाल्या ते लिहायचे. शास्त्रज्ञ यासाठी काळी-पांढरी तबकडी वापरतात, तत्त्व हेच.

वेग मोजायला संत्र्याची साल. नागपूर जिल्ह्यात हिवाळ्यात तिची काय कमतरता! जलाशयाला मिळणाऱ्या एका लहान नाल्यात दहा मीटर अंतर दोरीने आखले आणि साल सोडली. वरच्या बाजूला ती बावीस सेकंदांत दहा मीटर गेली. खाली, नाला जलाशयाच्या पाण्याला भिडतो तिथे, साल जागच्या जागी डोलत राहिली. “वेग शून्य,” मुलांनी लिहिले. मग त्याच जागी पाण्याखाली पाहायला सांगितले. तिथे बारीक गाळाचा पंखा पसरला होता, मध्ये फाटे फुटलेले, तळहाताएवढी बेटे तयार झालेली. पुस्तकात गंगेच्या मुखाशी दाखवलेला त्रिभुज प्रदेश आमच्या नाल्याच्या तोंडाशी होता, एका चादरीएवढा. वाहते पाणी थांबले की हातातले ओझे खाली ठेवते. समुद्राला मिळणारी नदीही हेच करते.

अल्-बिरुनीने जे पाहिले

कन्हानची रेती नागपूरच्या घराघरांत आहे. आमच्या भागात गवंड्याला रेतीची ओळख सांगावी लागत नाही. मुलांनी नाल्याच्या वरच्या भागातून, मधून आणि मुखाजवळून मूठभर मूठभर नमुने घेतले आणि जुन्या ओढणीवर वेगवेगळे मांडले. वरचे गोटे मोठे आणि कोनदार, मधले लहान आणि गुळगुळीत, खालची नुसती रेती आणि गाळ.

या ठिकाणी आम्ही मुलांना अबू रैहान अल्-बिरुनी यांची गोष्ट सांगितली. इ. स. ९७३ मध्ये जन्मलेले हे विद्वान हिंदुस्थानात आले, संस्कृत शिकले आणि सुमारे १०३० साली त्यांनी ‘किताबुल हिंद’ हा ग्रंथ पूर्ण केला. उत्तर हिंदुस्थानच्या मैदानाबद्दल त्यांनी एक साधे निरीक्षण नोंदवले आहे. पर्वताजवळ, जिथे नद्या जोराने वाहतात, तिथे दगड मोठे असतात. दूर जावे तसे लहान होत जातात. आणि समुद्राजवळ, जिथे पाणी मंदावते, तिथे त्यांची रेती झालेली असते. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की हे मैदान एके काळी समुद्र असावे आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने ते हळूहळू भरले असावे. जवळपास हजार वर्षांपूर्वी, कोणतेही यंत्र हाती नसताना, केवळ दगड हातात घेऊन!

ओढणीवरचे तीन ढीग मुलांनी पुन्हा एकदा पाहिले. आपण आता जे केले तेच त्यांनी केले होते, हे कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

पुस्तकातील अलिबागचाही आपल्या इतिहासाशी संबंध आहे. अलिबागपासून जवळच चौल नावाचे बंदर होते. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. बगदादचे इतिहासकार आणि भूगोलज्ञ अल्-मसूदी हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६-१७ च्या सुमारास तिथे होते, आणि त्या गावातील मोठ्या मुस्लिम वस्तीची नोंद त्यांनी केली आहे. गुजरातच्या खंबायतची भरती-ओहोटीही त्यांनी लिहून ठेवली. ओहोटीने उघड्या पडलेल्या रेतीवर एक कुत्रा होता. भरतीचे पाणी इतक्या वेगाने आले की धावूनही तो वाचला नाही. ही हकीकत आम्ही मुलांना मुद्दाम सांगितली. पाण्याच्या काठी अभ्यास करणाऱ्याने पाण्याला भिऊन असावे.

कुरआनात ठिकठिकाणी जमिनीवर हिंडून फिरून पाहण्याचे आवाहन आहे. पर्वत कसे रोवले, जमीन कशी पसरली याकडे नजर टाकण्याचे आवाहन आहे. आपण ते तिलावतीत वाचतो. या थोर माणसांनी ते पायांनी वाचले.

किब्ला कोणत्या दिशेला?

दुपारी जुहरची वेळ झाली. आम्ही मुलांना विचारले, “किब्ला कुठे?” सगळ्यांचे हात पश्चिमेकडे गेले. होकायंत्र काढले. “अगदी बरोबर पश्चिमेला?”

नकाशात पाहिले. कुही साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि मक्का शहर २१.४ अंशांवर, म्हणजे जवळपास त्याच अक्षवृत्तावर. सपाट नकाशावर रेघ ओढली तर किब्ला सरळ पश्चिमेला येतो. पण पृथ्वी सपाट नाही. घरून आणलेल्या पृथ्वीगोलावर मुलांनी कुहीपासून मक्केपर्यंत दोरा ताणून धरला. ताणलेला दोरा अक्षवृत्तावरून गेला नाही. तो उत्तरेकडून किंचित वळण घेऊन गेला. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग तोच. हिशोब केला तर आमच्याकडून किब्ला पश्चिमेच्या सुमारे ८ अंश उत्तरेला येतो. एवढ्या-तेवढ्या फरकाने नमाजला बाधा येत नाही, हे आलिमांनी सांगितलेलेच आहे. पण पृथ्वी गोल आहे याचा अर्थ मुलांना त्या दोऱ्याने समजला.

याची पडताळणी आम्ही पुढे मे महिन्यात घरीच केली. दरवर्षी २७-२८ मे रोजी मक्केत मध्यान्हीला सूर्य काबागृहाच्या बरोबर डोक्यावर येतो. आपल्या घड्याळात त्या वेळी दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे झालेली असतात. त्या क्षणी अंगणात उभ्या केलेल्या सरळ काठीची सावली किब्ल्याच्या नेमक्या उलट दिशेला पडते. नवतप्याचे ऊन होते, म्हणून मुले दोन मिनिटांसाठीच बाहेर आली. सावलीवर खडूने रेघ ओढली आणि होकायंत्र लावले. वाचकांनी पुढच्या मे महिन्यात हे आपल्या घरी जरूर करून पाहावे.

वर्षातून एकदा येणारी ओहोटी

समुद्राला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते. रमजानचा आणि ईदचा चाँद पाहणाऱ्या आपल्या मुलांना हा धडा तर सोपा जावा. अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास लहान. आमच्या जलाशयाला तशी भरती नाही. पण पावसाळ्यानंतर पाणी काठोकाठ असते आणि उन्हाळ्यापर्यंत उतरत जाते. म्हणून एप्रिलमध्ये, सकाळी लवकर, आम्ही त्याच जागी पुन्हा गेलो.

नोव्हेंबरमध्ये जिथे पाण्याची कड होती तिथे आता कोरडी जमीन होती. आणि त्या उतारावर एकाखाली एक अशा पायऱ्या पडल्या होत्या. पाणी जिथे जिथे काही दिवस थांबले, तिथे तिथे वाऱ्याच्या लाटांनी माती कापली होती. एके ठिकाणी हातभर उंचीचा कडा आणि त्याच्या पायाशी सपाट ओटा. शिक्षकांनी नाव सांगितले : तरंगघर्षित मंच. अलिबागला खडकात, आमच्याकडे मातीत. समुद्राला जे करायला हजारो वर्षे लागतात, ते जलाशयाच्या लाटांनी एका हंगामात करून दाखवले होते.

उघड्या पडलेल्या गाळात काही शेतकऱ्यांनी गाळपेर केली होती. ढिवर बांधवांचे डोंगे खाली सरकलेल्या काठाला लागले होते. मुलांनी तयार केलेली प्रश्नावली घेऊन त्यांना विचारले : मासोळी कोणत्या महिन्यात जास्त मिळते? पूर्वी डांगरवाडी कुठे लागत असे? आता का लागत नाही? एका वृद्ध चाचांनी सांगितले की नदी होती तेव्हा रेतीत डांगर पिकत असे. रेतीच पाण्याखाली गेली, तर डांगर कुठे लावणार? मुलीने ते जसेच्या तसे वहीत लिहून घेतले.

नानीचा नकाशा

या दुसऱ्या भेटीला आमच्यासोबत एक नानी होत्या. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचे माहेर या पाण्याखाली आहे. धरणासाठी गाव उठले, लोकांना मोबदला आणि नव्या वस्तीत जागा मिळाली. नानींच्या भावांची घरे आता तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

मुलांनी नानींना सतरंजीवर बसवले आणि समोर कोरा कागद ठेवला. नानींना लिहिता येत नाही. त्या बोलत गेल्या आणि नात काढत गेली. ही नदी. हा घाट. इथे पाटलाचा वाडा. इथे आपली आठ-दहा घरे. हे कडुनिंबाचे झाड, याच्याखाली ताजिया ठेवत. ही विहीर, हिचे पाणी गोड. इथे लहानशी मशीद, कवेलूची. मग थोडे थांबून त्यांनी बोट कागदाच्या कडेला नेले. “इथे कब्रस्तान. माझे अब्बा इथे आहेत.”

नातीने पाण्याकडे पाहिले. “नानी, नेमके कुठे?”

नानींनी समोरच्या टेकडीकडे पाहिले, मग पुलाकडे, मग दोन्हींच्या मधोमध पाण्यात बोट दाखवले. एप्रिलमध्येही तिथे पाणीच होते. आम्ही सगळ्यांनी हात उचलून फातिहा पढली.

परत आल्यावर शिक्षकांनी धरणापूर्वीचा जुना टोपोशीट नकाशा मुलांसमोर ठेवला. नानींचा घाट, विहीर आणि वस्ती त्यात जवळपास त्याच जागी होती. मुलांनी २४५ मीटरच्या आसपासची समोच्च रेषा पेन्सिलने गडद केली. गाव तिच्या आत आले. नोव्हेंबरमध्ये जी रेषा मुलांना गंमत वाटली होती, तिच्याकडे या वेळी कोणी गंमत म्हणून पाहिले नाही. कोण उठणार आणि कोण राहणार हे त्याच रेषेने ठरवले होते. धरणाने दूरच्या शेतांना पाणी मिळते, हेही मुलांनी वहीत लिहिले; अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट या प्रकल्पाचे आहे. दोन्ही बाजू लिहायच्या, असे आम्ही सांगितले होते.

रंग, वास, चव

पहिल्या भेटीतली एक गोष्ट सांगायची राहिली. जुहरच्या वुजूसाठी मुले पाण्याकडे निघाली. कन्हानच्या बाजूच्या काठावर एक मुलगा थबकला. “इथे वास येतो.” झाकण सोडून पाहिले तर नाल्याच्या मुखाशी सात गाठी बुडेपर्यंत दिसणारे झाकण इथे तीन गाठींत दिसेनासे झाले. काठाला हिरवी साय आणि जलपर्णी होती.

आम्ही मुलांना मदरशात शिकलेला मसला विचारला. घाण मिसळून पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली तर ते पाणी वुजूला चालते का? मुलांना उत्तर पाठ होते. त्या दिवशी वुजू घरून आणलेल्या कॅनच्या पाण्याने झाला. इतका मोठा जलाशय समोर असताना!

नुसता गढूळपणा म्हणजे घाण नव्हे. गाळानेही पाणी गढूळ होते. पण वास आणि हिरवी साय वेगळे सांगत होती. मुलांनी नकाशावर बोट ठेवून उलट प्रवास केला. वैनगंगेला कन्हान मिळते. कन्हानला नाग नदी मिळते. नाग पिवळी नदीला सोबत घेऊन येते. आणि नाग नदी वाहते ती नागपूर शहराच्या मधोमध, शहराचे सांडपाणी घेऊन. सांडपाण्यातील खतासारख्या द्रव्यांवर शेवाळ आणि जलपर्णी माजते. ती कुजली की पाण्यातील प्राणवायू कमी होतो, मासोळीला धोका होतो. नाग नदी स्वच्छ करण्यासाठी हजारो कोटींची योजना मंजूर आहे. ती पूर्ण व्हावी म्हणून नागपूरइतकीच वाट कुहीचे लोक पाहत आहेत, कारण शहराने टाकलेले पाणी आधी आमच्या तालुक्यात येते.

एका मुलीने विचारले, “मोमीनपुऱ्यात माझ्या खालाच्या मोरीचे पाणीही इथेच येते का?” हो, बेटा. नाग असो की पिवळी, शेवटी इकडेच. आपण तक्रार करतो ते पाणी आपल्याच नातेवाइकांच्या घरून निघालेले आहे. साचलेल्या पाण्यात घाण करू नये आणि नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्याला तोंडपाठ आहे. ती कुठे लागू होते, हे त्या दिवशी काठावर दिसले.

आणि हे पाणी येथून कुठे जाते? मुलांना वाटले होते अलिबागला. नाही. वैनगंगा दक्षिणेला जाते, चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते, दोघींची प्राणहिता होते, सिरोंचा तालुक्यात ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात जाते. कुहीच्या मुलांचा समुद्र पूर्वेला आहे. नळदुर्गचे पुस्तक त्यांना पश्चिमेला नेत होते. नदीने त्यांना त्यांचा समुद्र दाखवला.

मुलींना मागे ठेवू नका

या दोन भेटींनी आम्हा मोठ्यांनाही काही शिकवले. मुलींना कोकणात पाठवले नाही, त्यामागे आमची काळजी खरी होती. पण काळजीचा अर्थ नकार एवढाच आम्ही धरला होता. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल अशी जागा शोधावी, अम्मी-अब्बांनी सोबत जावे, हे आम्हाला सुचलेच नव्हते. इल्म मिळवणे फर्ज आहे, असे आपण जलशांतून ऐकतो, आणि तो फर्ज मुलींवरही आहे, असेही ऐकतो. मग क्षेत्रभेट त्यातून वगळली कोणी? आमच्या सहा मुलींनी लेव्हलची नळी धरली, प्रश्नावली विचारली, नकाशे काढले. सर्वांत नेमक्या नोंदी त्यांच्याच होत्या.

ज्या वाचकांच्या गावाजवळ तलाव, नदी किंवा धरणाचे पाणी आहे, त्यांच्यासाठी आमचे काही नियम :

पाण्यात कोणीही उतरायचे नाही, पोहता येत असले तरी नाही. जलाशयाच्या काठाचा गाळ वरून कोरडा दिसतो आणि पाय आत रुततो. म्हणून पुढे काठी टेकून पाहायची. दर दोन मुलांमागे किमान एक मोठा माणूस असावा आणि त्याने मोबाईलमध्ये डोके घालू नये. जाड दोरी आणि हवा भरलेली ट्यूब सोबत असावी. पावसाळ्यात आणि धरणाचे दरवाजे उघडण्याच्या दिवसांत जाऊ नये. धरणाच्या भिंतीजवळ तर मुळीच नाही. स्थानिक मच्छीमारांना आधी विचारावे. काठ त्यांच्याइतका कोणाला माहीत नसतो. आणि एकाच जागी वर्षातून दोनदा जावे, एकदा पाणी भरलेले असताना, एकदा उतरलेले असताना. एका भेटीत जागा दिसते. तिच्यात काय बदलते, ते दुसऱ्या भेटीत कळते.

खर्च? गाडीचे डिझेल, घरचे जेवण, दोरी, आलेखाचे कागद. प्रत्येक घराला एका लग्नाच्या आहेरापेक्षा कमी आला.

ज्या मुलीच्या प्रश्नाने हे सुरू झाले, ती आता अकरावीत आहे. दहावीच्या वहीतला समुद्रकिनाऱ्याचा अहवाल तिने शेवटी लिहिलाच नव्हता; ते पान कोरे ठेवून तिने वही जमा केली होती. एप्रिलच्या भेटीनंतर, आता मार्क मिळणार नाहीत हे माहीत असूनही, तिने नवा अहवाल लिहिला आणि आम्हाला वाचायला दिला. शीर्षक होते ‘आंभोरा येथील जलाशयाचा किनारा’. त्यात काठाचा छेद होता, रेतीचे तीन नमुने चिकटवलेले होते, नानींचा नकाशा होता. लाटांबद्दल तिने एवढेच लिहिले होते की त्या दिवशी वारा कमी होता, म्हणून लाटा लहान होत्या.

तिने जे पाहिले तेवढेच लिहिले. इन्शाअल्लाह, येत्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी नळी ती धरणार नाही. लहान मुलींना ती शिकवणार आहे.